उमरग्याची दोन सीटची गाडी

शुक्रवारी दुपारी सव्वाचारला माझे पती गेले. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले, हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. रविवारी आम्ही उमरग्याला जाऊन गाडी आणणार होतो.

ती गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. हे लिहिताना मला अजून थोडा संकोच वाटतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. ते आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेऊन निवृत्त झालेले. धाराशिवात आमच्या वयाची माणसं निवृत्तीनंतर शेताच्या तुकड्यावर चार झाडं लावतात, नाहीतर पुण्याला मुलांकडे जाऊन राहतात. माझ्या नवऱ्यानं दोन सीटची, कापडी छताची, कुणीतरी वापरलेली गाडी शोधायला घेतली आणि चार वर्षं ते ती शोधत राहिले.

गल्लीत हा चेष्टेचा विषय होता. समोरचे तलाठी, तेही निवृत्त, सकाळी दूध घेऊन येताना आमच्या फाटकाशी थांबायचे.

"काय सर, जमलं का न्हाय?"

"काल बघून आलो की सोलापूरला. पसंत पडली न्हाय."

"अहो, किती बघणार? वय निघून चाललं."

"कुणाचं, तिचं का माझं?"

मग दोघं हसायचे आणि तलाठी माझ्याकडे बघून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही लई सोसता."

मी काही सोसत नव्हते. मला त्या रविवारांची सवय झाली होती.

या ओढीची सुरुवात आमच्या लग्नाच्या आधीची. नळदुर्गच्या पुढे हैदराबादच्या रस्त्यावर त्यांना अशी एक गाडी बंद पडलेली दिसली होती. पंख्याचा पट्टा तुटला होता. त्यांनी कुठून तरी जुना पट्टा मिळवून बसवला. मालकानं त्यांना शेजारी बसवून जळकोटपर्यंत नेलं आणि परत आणून सोडलं. एवढंच. ही गोष्ट ते क्वचित सांगायचे आणि सांगताना कधी वाढवायचे नाहीत. "रस्ता किती जवळ असतो गं," एवढंच म्हणायचे. "एसटीतून, ट्रॅक्टरवरून कळत न्हाय. हात सोडला तर डांबराला लागंल, इतका जवळ."

त्यांना हवी होती ती गाडी परदेशी नव्हती. काही वर्षं आपल्याच देशात तशा गाड्या बनल्या, थोड्याच, आणि मग बनायच्या बंद झाल्या. खाली लोखंडाची चौकट, म्हणजे चॅसिस. वर फायबरची बॉडी. इंजिन साध्या चारचाकीचं. "ताकद आपल्या गाडीएवढीच हाय, पण रुबाब बघ," असं म्हणत ते मोबाइल माझ्या पुस्तकावर आणून धरायचे. उरलेल्या गाड्या कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असणार, हा त्यांचा अंदाज होता. तो खरा होता. अडचण एवढीच की ताडपत्री कुणाच्या दारातली, हे शोधावं लागायचं.

ते काम त्यांचे विद्यार्थी करायचे. भूम, वाशी, लोहारा, तेर, उमरगा, जिल्ह्यात जिथं जाल तिथं त्यांच्या वर्गातला कुणीतरी गॅरेज टाकून बसलेला आहे. त्यातला कुणी फोन करायचा, "सर, एक नजरेत आलीय." मग रविवारी आम्ही सकाळी लवकर निघायचो, कारण गाडी थंड असताना बघायची हा त्यांचा पहिला नियम होता. पोचल्या पोचल्या ते कुणाशी बोलायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. बॉनेट गरम लागलं की मालकाची चौकशी करायचे, चहा घ्यायचे आणि निघायचे. परतीच्या रस्त्यावर मी विचारलं की म्हणायचे, "पावडर लावून बसवली होती." आधीच सुरू करून तापवलेल्या इंजिनाची खरखर कळत नाही, हे मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. त्यानंतर पावडर म्हटलं की मला कळायचं.

थंड असली तर मात्र तास-दोन तास जायचे. तेल बोटावर घेऊन चोळायचे, वास घ्यायचे. एअर फिल्टर काढून उजेडापुढं धरायचे. रेडिएटर, रबरी नळ्या, टायरच्या कडा, उन्हानं तडकलेलं वायरचं वेष्टण. आमच्याकडच्या गाड्या उन्हानं आणि धुळीनं मरतात, असं ते वर्गातही सांगायचे, आणि आयुष्यभर त्यांनी तशाच मेलेल्या गाड्या उघडल्या होत्या.

मी या सगळ्यात नसायचे. मी आमच्या जुन्या गाडीत काच खाली करून पुस्तक वाचत बसायचे. अगदी सुरुवातीला एकदा उतरले होते, तर मालक त्यांना सोडून माझ्याच मागे लागला. "वहिनींना रंग पसंत हाय ना? वहिनी, बसून तर बघा." त्यांचं लक्ष उडालं. तेव्हापासून मी उतरायचे नाही. बघून झालं की ते खिडकीशी येऊन उभे राहायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळायचं. चार वर्षं मला नकाराचाच चेहरा दिसला. त्यात नाराजी नसायची. नको असलेली एक गोष्ट नक्की झाली, याचं समाधानच जास्त असायचं.

तेरखेड्याला मात्र मला उतरावं लागलं. तिथं एका फटाकेवाल्याकडे अशी गाडी होती, त्याच्या मेहुण्याची. ती त्यानं कारखान्याच्या आवारातच, माल भरायच्या खोल्यांपासून थोड्या अंतरावर, छपराखाली ठेवली होती. ह्यांनी तळहात ठेवला, थंड लागली, खूश झाले आणि चावीला हात घातला. फटाकेवाल्यानं तो हात वरच्या वर धरला.

"सर, इथं न्हाय. एक ठिणगी उडाली तर तुम्ही, मी आन् गाडी, तिघं बी वर."

"मग बघायची कशी?"

"ढकलू की."

आवारातून डांबरी सडकेपर्यंत चांगलं अर्धा किलोमीटर अंतर होतं. फटाकेवाला, त्याचे तीन कामगार आणि वाशीहून आलेला ह्यांचा एक विद्यार्थी ढकलत होते. हे बाजूनं चालत एका हातानं स्टिअरिंग सांभाळत होते. मी मागून पाण्याची बाटली आणि पुस्तक घेऊन चालत होते. सडकेवर आल्यावर चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही. दहा वेळा फिरवली, नाही झाली. घाम पुसत हे म्हणाले, "थंड मात्र नक्की होती." मग सगळ्यांनी ती परत आत ढकलून ठेवली, आणि आत जाताना चढ होता. निघताना फटाकेवाल्यानं ओशाळून फुलबाज्यांचे दोन पुडे माझ्या हातात दिले. गाडीत बसल्यावर आम्ही वाशीपर्यंत हसत होतो.

उमरग्याची गाडी त्यानंतर साधारण वर्षानं आली. तिथला विद्यार्थी आता पन्नाशीला आलेला, स्वतःचं मोठं गॅरेज असलेला मिस्त्री आहे. त्याच्या शेजारी हायवेला लागून एका वयस्कर मुस्लिम गृहस्थांचं टायरचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांचे जावई समुद्रकिनाऱ्याकडे नोकरीला होते. तिथं त्यांनी ही गाडी हौसेनं घेतली होती. पुढे ते आखातात गेले आणि जाताना गाडी सासऱ्यांच्या गोदामात लावून गेले. चाचांना तिचा काही उपयोग नव्हता. "हिच्यात दोन मानसं बसतात," ते म्हणाले होते, "आन् माझ्या घरात अकरा."

पहिल्या वेळी हे दोन तास गोदामात होते. बाहेर आले ते माझ्या खिडकीशी थांबलेच नाहीत, सरळ येऊन स्टिअरिंगवर बसले. नळदुर्ग आलं. तिथं म्हणाले, "असंल बहुतेक." महिन्याभरानं आम्ही न कळवता पुन्हा गेलो. गाडी थंड होती आणि पहिल्या चावीला सुरू झाली. चाचांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, हे मी वीस पावलांवरून पाहिलं. चाचांनी शब्द दिला होता. गाडी दुसऱ्या राज्याच्या पासिंगची असल्यानं तिकडच्या कार्यालयाची एनओसी यायची होती, ती आली की नेऊ, असं ठरलं. एनओसी आली. रविवार ठरला. आणि मग तो शुक्रवार.

नंतरच्या महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. घरी माणसं येत राहिली. विद्यार्थी लांबून लांबून आले. सगळे एकच बोलायचे: सरांची नजर, सरांचा हात, सरांनी एकदा ऐकलं की इंजिनातलं सगळं कळायचं. माणूस गेला की त्याच्या सवयींचे गुण होतात. मीही तेच करत होते. ते विसराळू होते, हट्टी होते, डॉक्टरकडे जायचं टाळायचे, हे सगळं मी हळूहळू बाजूला ठेवत गेले आणि माझ्याजवळ उरला तो कधीच न चुकणारा एक माणूस. त्या माणसाबरोबर मी कधी राहिले नव्हते. पण शोक करायला तो सोपा होता.

चार महिन्यांनी उमरग्याच्या मिस्त्रींचा फोन आला.

"मॅडम, बोलू का नको, असं झालंय. चाचा इचारायलेत गाडीचं."

"ती त्यांनी विकली नाही?"

"न्हाय ना. दोन गिऱ्हाइकं माघारी लावली. म्हनतात, जबान सरांना दिलीय. मॅडम जोवर न्हाय म्हनत न्हाईत, तोवर हलवणार न्हाय."

मी मुलीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू काय करणार आहेस तिचं? तुला त्यात बसताही येणार नाही नीट." तिचं बरोबर होतं. मला स्पोर्ट्स कारची हौस कधीच नव्हती. पण चार वर्षं प्रत्येक गोष्टीला नको म्हणून त्यांनी जिला हो म्हटलं होतं ती गाडी एका गोदामात उभी होती. ती दारात आणावी, त्यांनी निवडलेली शेवटची वस्तू माझ्या डोळ्यांसमोर असावी, एवढीच माझी इच्छा होती. मी मिस्त्रींना सांगितलं, रविवारी येते.

एकटीनं एवढ्या लांब गाडी चालवायची ती माझी पहिलीच वेळ. चालवायचं त्यांनीच शिकवलं होतं, पण मी गावातल्या गावात, ग्रंथालयापर्यंत जाणारी. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट. ट्रक जवळून जायचे तेव्हा मी स्टिअरिंग घट्ट धरायचे. त्यांच्या वेळेप्रमाणेच पोचले, आठच्या आधी.

चाचा दुकानाबाहेर उभे होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "भाभी, मला महिनाभर कळलंच न्हाय बघा. म्या आपला रोज सकाळी रस्त्याकडं बघायचो, सर आज येतील, उद्या येतील. मिस्त्रीला बी धीर झाला न्हाय सांगायचा."

मिस्त्री बाजूला बघत होते.

गोदामात टायरच्या थप्प्यांमध्ये ती उभी होती. माझ्या कल्पनेपेक्षा लहान. पिवळा रंग, उन्हात न राहिल्यानं टिकलेला. मी जवळ गेले आणि काय करायचं ते न सुचून बॉनेटवर तळहात ठेवला.

"थंड हाय," चाचा म्हणाले. "सरांसाठी थंडच ठेवतो तिला."

कागदांवर सह्या करायच्या होत्या. मिस्त्री दुकानात ते लावून घेत होते, चाचा चहा सांगायला गेले होते. मी दार उघडून आत बसले. ड्रायव्हरच्या बाजूला नाही, शेजारच्या. सीट खरोखरच जमिनीला टेकल्यासारखी होती. चार वर्षांत अशा गाडीत मी पहिल्यांदा बसत होते. एरवी अशा वेळी माझ्या हातात पुस्तक असतं. त्या दिवशी गाडी चालवत आले म्हणून आणलं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूच्या कप्प्यात गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका खोचलेली दिसली. ती काढून मी वाचायला घेतली.

पहिल्या पानावर मजकुराच्या आधी मला रेघ दिसली.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एकदा पाणी शिरलं होतं. ते वर्ष टँकरचं होतं. गच्चीवरची टाकी भरायला टँकर यायचा. एकदा नळी तशीच सोडून टँकरवाला चहाला गेला आणि पाणी जिन्यावरून संदर्भ विभागात उतरलं. सगळं गाव घागरभर पाण्यासाठी रांगेत असताना आमचे कोश भिजले होते. मी पानापानांत वर्तमानपत्रं घालून ती पुस्तकं तीन आठवडे वाळवली. तेव्हापासून मला माहीत आहे: भिजलेलं पुस्तक कितीही वाळवा, पाणी जिथवर चढलं तिथं कागदावर एक तपकिरी, नागमोडी रेघ राहते. रेघेखालचा कागद कडक होतो आणि पान उलटताना वेगळा आवाज करतो.

त्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर तशी रेघ होती. खालच्या कडेपासून चार बोटं वर. खालच्या बाजूला पानं एकमेकांना चिकटली होती. मधल्या पिना गंजून कागदावर डाग उमटले होते. मी दोन पानं हलकेच सोडवली, तर त्यातून बारीक माती माझ्या मांडीवर सांडली. ती लाल होती. आमच्याकडे माती काळी असते.

मी ती पुस्तिका मिटली आणि तशीच बसून राहिले. ही गाडी कधीतरी पाण्यात उभी होती, आणि ते पाणी इथलं नव्हतं. दुकानातून मिस्त्रींचा आवाज येत होता, ते कुणाला तरी पेन मागत होते. पुस्तिका परत कप्प्यात खोचली असती, सह्या केल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं. गाडी तासाभरात माझी झाली असती. ह्यांची निवड बरोबरच राहिली असती. मी किती वेळ तशी बसले ते सांगता येत नाही. चहा आला तेव्हा मिस्त्री मला बोलवायला आले.

मी विचारलं, "हा खालचा गालिचा उचलता येतो का?"

"कशाला मॅडम? सरांनी बघितलेली गाडी हाय."

"तरी उचला."

ते हसले. बाईमाणसाच्या समाधानासाठी करावं तसं वाकून त्यांनी गालिच्याचं एक टोक धरलं आणि ओढलं. खाली लोखंड होतं, पण त्याला लोखंड म्हणवत नव्हतं. पापुद्रे सुटले होते. मिस्त्रींनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून टोक दाबलं, तर ते आरपार गेलं. त्यांनी दुसऱ्या बाजूला दाबलं. तिथंही गेलं. मग ते खाली फरशीवरच बसले.

"वरून फायबर," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "फायबरला काय होत न्हाय. आतनं सगळी चॅसिस खाल्लीय. आन् आमी बघत बसलो इंजिन."

"तुम्हाला कसं कळलं नाही?" हे मी रागानं विचारलं नव्हतं, पण ते तसंच ऐकू आलं असणार.

"मॅडम, गंज कुठं बघितलाय आमी? हितं पाऊसच किती पडतो! उन्हानं रबर कसं जातं ते इचारा, धुळीनं पिस्टन कसा घासतो ते इचारा. पान्यात बुडालेली गाडी उभ्या जल्मात आली न्हाय माझ्या गॅरेजला." मग ते म्हणाले, "सरांनी बी हे शिकवलं न्हाय कधी."

नंबरप्लेटवर तर किनाऱ्यावरच्या त्या राज्याचं संक्षिप्त नाव स्पष्ट होतं. ते सगळ्यांनीच वाचलं होतं. सरांनी वाचलं होतं आणि त्यांना फक्त एनओसी आठवली होती.

चाचांनी तिथूनच जावयाला फोन लावला. जावयांना आधी काही आठवेना. मग आठवलं: एका पावसाळ्यात खाडीचं पाणी इमारतीच्या तळमजल्यात आलं होतं, दीड दिवस होतं. गाडी धुऊन, पुसून, सुकवून घेतली होती, नंतर बरी चालली, म्हणून सांगायचं राहिलं. चाचांनी फोन बंद केला आणि टोपी काढून हातात घेतली.

"भाभी, खुदा की कसम, मला ठाऊक नव्हतं."

"मला माहीत आहे चाचा."

"सरांना शब्द दिला म्या. ह्या असल्या गाडीचा शब्द दिला."

त्यांचा आवाज इतका उतरला की मलाच त्यांना चहाचा कप उचलून द्यावा लागला.

मिस्त्री उठले. "मॅडम, मी करून देतो. नवी पट्टी टाकून वेल्डिंग मारतो, खालनं सगळी बांधून काढतो. महिना लागंल. सरांची गाडी म्हणून करतो, तुम्ही काय बोलू नका."

मला हो म्हणावंसं वाटलं. सगळ्यांनाच त्या क्षणी ती गाडी वाचवायची होती. मी विचारलं, "चॅसिसला वेल्डिंग केलेली गाडी आली, तर सर काय म्हणायचे?"

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "नापास म्हनायचे. वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचे."

"मग?"

"मग नापास," ते म्हणाले, आणि पन्नाशीच्या त्या माणसानं बाहीनं डोळे पुसले.

चाचांना मी सांगितलं की शब्द पुरा झाला, आता त्यांच्यावर काही नाही. ते फाटकापर्यंत सोडायला आले.

परत येताना जळकोटच्या पुढे मला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांचा राग आला होता. मी गाडीत मोठ्यानं बोलले. अहो, किनाऱ्याची गाडी, पाणी कसं सुचलं नाही? तीस वर्षं शिकवलंत आणि एक गालिचा उचलला नाहीत? छातीत कळ येत होती तेही असंच, दुसरीकडंच बघत राहिलात. बोलता बोलता मला जाणवलं की मी त्यांच्याशी आमच्या घरच्या आवाजात बोलते आहे. लोक घरी यायचे तेव्हाचा हळू, आदराचा आवाज तो नव्हता. ज्या माणसाला मी चष्मा कुठं ठेवला म्हणून रोज बोलायचे, तो माणूस होता हा. त्याला चूक करता यायची. मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. आधीच्या रडण्यापेक्षा ते बरं होतं.

मग स्वतःवर रागवायची पाळी आली. उमरग्याला दोन्ही वेळा मी होते. वीस पावलांवर, काच खाली करून, दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकात. मी एकदा उतरून आत बसले असते तर माझ्या हाताला ती पुस्तिका लागली असती. मला कळलं असतं. ते हसले असते, "वाचलो बघ," म्हणाले असते, आणि पुढच्या रविवारी दुसरीकडे गेलो असतो.

हा विचार मी पुष्कळ दिवस केला. पण त्याच्यापुढे दुसरा एक विचार येऊन उभा राहतो. शेवटचा आठवडा. त्या आठवड्यात त्यांनी अंगणातल्या तुळशीच्या, कोरफडीच्या कुंड्या एका बाजूला नेल्या, टेप घेऊन जागा मोजली, खडूनं फरशीवर आखलं. तलाठ्यांना बोलावून दाखवलं. तलाठी म्हणाले, "मांडव घालायचा का आता?" जेवताना हे दोनदा स्वतःशी हसले. कुठं जायचं पहिल्यांदा, असं मला विचारलं, आणि मी म्हटलं तेरला जाऊ, नदीकाठच्या रस्त्यानं, तर म्हणाले, "चालंल." शोध संपला आणि आपण बरोबर निघालो, असं समजून ते सात दिवस वावरत होते. ती समजूत खोटी होती. सात दिवस मात्र खरे होते, आणि मी वेळेवर उतरले असते तर ते त्यांना मिळाले नसते. यातलं काय बरं, हे मला ठरवता आलेलं नाही. ठरवायचा प्रयत्न आता कमी केला आहे.

चाचांनी ती गाडी कुणाला चालवायला विकली नाही. इंजिन मिस्त्रींनी हाताखाली शिकणाऱ्या पोरांना दाखवायला म्हणून गॅरेजमध्ये ठेवलं आहे, बाकीची भंगारात गेली. मिस्त्री आता आलेली प्रत्येक गाडी गालिचा उचलून बघतात, आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी ते फोनवर सांगितलं आहे.

नवी गाडी नजरेत आली की त्यांच्या विद्यार्थ्यांचे फोन अजून येतात. मागच्या महिन्यात लोहाऱ्याहून आला, त्याच्या आधी भूमहून. मी जाते. सकाळी लवकर निघते, गाडी थांबवून खाली उतरते, बघते. मालक विचारतात, वहिनींना रंग आवडला का, तर त्यांना मी दाराच्या कप्प्यातले कागद मागते. दोन्ही गाड्या मी नको म्हटल्या.

घरी आमची जुनी गाडी आहे, ती मी चालवते. दोन सीटची गाडी अजून घेतलेली नाही.